नवोदयला नंबर लागला, पहिल्या चाचणीत गणितात ४० पैकी ११, पोरगं म्हणतंय घरी न्या

कापूस_पट्टा:
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.
मराठवाड्यातलं आमचं गाव, चौथी-पाचवी जिल्हा परिषदेच्या शाळेत. मुलगा पहिल्यापासून हुशार, म्हणजे मी बाप म्हणून नाही सांगत, गुरुजीच म्हणायचे. पाचवीला सरांनी शाळा भरायच्या आधी सकाळी एक तास नवोदयचा (केंद्र सरकारची निवासी शाळा, सहावीला प्रवेश परीक्षा देऊन जागा मिळते) वर्ग घेतला, एक रुपया घेतला नाही, आणि आमच्या गावातून बऱ्याच वर्षांनी एक पोरगं लागलं ते आमचं. गावाने चौकात बॅनर लावला, त्यात त्याचा फोटो, माझा फोटो, सरपंचाचा त्याहून मोठा फोटो. जुलैत सोडून आलो. पेटी, ताट, मग, बादली सगळं यादीप्रमाणे.
आता पहिली चाचणी झाली. गणित ४० पैकी ११, इंग्रजी ९, विज्ञान १६. मराठी ३६. गणितात ज्याला कधी ९० च्या खाली बघितलं नाही त्याला ११. फोनच्या दिवशी बोलला तर आधी काहीच बोलेना, मग म्हणला बाबा मी ढ झालोय. मला घरी न्या. पोळ्याला पण आला नव्हता, दरवर्षी बैलांची शिंगं तोच रंगवतो, तेव्हापासून त्याची आई पण रोज एकच विषय काढते.
प्रश्न असे की, १) हे सगळ्यांचंच होतं का आमच्यातच काही कमी पडलं, २) एखादा क्लास किंवा मोबाइलवरचा कोर्स लावता येतो का, तिथे मोबाइल चालत नाही म्हणे, ३) परत आणला तर पुढे काय. खरं सांगतो, परत आणायचं म्हटलं की मला पहिल्यांदा चौकातला बॅनर आठवतो, मुलगा नंतर. याची लाज पण वाटते.

नीलगिरीची_पोर:
दादा, मी नवोदयलाच होते, सहावी ते बारावी. आधी बॅनर उतरवा :) गंमत करतेय पण थोडी खरंच.
तुमचा मुलगा ढ झालेला नाही. हिशोब साधा आहे. एका विद्यालयात दरवर्षी सहावीला जास्तीत जास्त ८० पोरं घेतात, त्यातली कमीत कमी ७५ टक्के खेड्यातली, आणि ती सगळीच्या सगळी आपापल्या शाळेत पहिली आलेली. आता ८० पहिल्यांना एका ओळीत उभं केलं तर कोणीतरी ऐंशीवं येणारच ना. ते पोरगं काल पण हुशारच होतं, फक्त काल त्याच्या शेजारी बाकीचे ७९ बसलेले नव्हते. मी पहिल्या सहामाहीत वर्गात ३४ वी होते आणि घरी पत्रात "बरी आहे" एवढंच लिहिलं, नंबर लिहिलाच नाही. दिवाळीला गेले तेव्हा वडिलांनी प्रगतीपुस्तक मागितलं, मी म्हणाले हाऊसमध्ये (म्हणजे हॉस्टेलवर) राहिलं. पेटीत तळाला होतं.
दुसरं, जे बाहेरच्या लोकांच्या लक्षातच येत नाही. नवोदयच्या परीक्षेत ८० प्रश्न असतात. त्यातले ४० आकृत्यांचे, म्हणजे बुद्धिमत्ता, २० अंकगणित, २० भाषेचे उतारे. आणि पेपर मराठीत देता येतो. म्हणजे इंग्रजीचा एक प्रश्न नाही, विज्ञानाचा एक नाही. ती पास होऊन पोरगं आत येतं आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातात सीबीएसईची पुस्तकं. कागदावर सातवी-आठवीपर्यंत मातृभाषेचं माध्यम असतं, पण शिक्षक देशभरातून येतात, कोणी राजस्थानचे कोणी युपीचे, ते शिकवणार हिंदी-इंग्रजी मिसळून. आमच्यात आम्ही मराठी बोलायचो, फळ्यावर इंग्रजी, सरांच्या तोंडात हिंदी. पोर तिघांच्या मध्ये.
माझं उदाहरण सांगते. मला मसावि लसावि झोपेत यायचा. पेपरात आलं २४ आणि ३६ चा एचसीएफ काढा. मी तो प्रश्न सोडून दिला कारण मला वाटलं एचसीएफ हे काहीतरी नवीन आहे जे मी गैरहजर असताना शिकवलं. नंतर बाकावरच्या मैत्रिणीने सांगितलं अगं तो मसावि गं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, रागाने, ५ मार्कांसाठी नाही, १२ हे उत्तर मला तोंडपाठ होतं म्हणून.
तर पुढच्या भेटीच्या रविवारी जाल तेव्हा एक काम करा. मार्क बघू नका, गणिताची उत्तरपत्रिका बघायला मागा. किती प्रश्न चुकलेत आणि किती कोरे सोडलेत ते मोजा. चुकलेला आणि कोरा यात फार फरक आहे.

इंजिनिअर_पुणेकर:
झेडपीच्या मराठी शाळेतून डायरेक्ट तिकडे टाकलं तर हेच होणार. आधीपासून इंग्लिश मिडीयमला घालायला हवं होतं. आता क्रॅश कोर्स लावा सुट्टीत.

गुरुजी_झेडपी:
पुणेकर साहेब, ज्या शाळेतून ते पोरगं लागलं ती झेडपीचीच होती एवढं लक्षात असू द्या. आमच्या तालुक्यात फी भरून इंग्लिश मिडीयमला जाणारी किती लागली ते विचारू नका, मी पण सांगत नाही.
पण भाऊ (कापूस पट्टा), एक गोष्ट मी आमच्यावर घेतो. मी १४ वर्षं नवोदय आणि शिष्यवृत्तीचा वर्ग घेतोय. आम्ही वर्षभर पोरांना काय शिकवतो? चार पर्यायांतून एक निवडायचा, गोल नीट काळा करायचा, दोन तासांत ८० प्रश्न, अडलं की सोडून पुढे जायचं. हे "अडलं की पुढे जा" आम्ही डोक्यात इतकं भरवतो की ते पोराच्या अंगात मुरतं. त्या परीक्षेत ते बरोबर आहे. पण सहावीला पेपरात पर्याय नसतात, तिथे म्हणतात तुमच्या शब्दांत लिहा, कारण सांगा. सहावीची नवीन गणिताची पुस्तकं आलीत (२०२४ पासून) त्यात तर जागोजागी असं का होतं ते मित्राशी बोला, कारण सांगा, असंच आहे. आणि आमचं पोरगं पर्याय शोधत बसतं. मग सवयीप्रमाणे सोडून पुढे जातं. वर ताईंनी कोरे प्रश्न मोजायला सांगितले ते अगदी बरोबर आहे, मी पैज लावतो निम्मे कोरे निघतील.
आणखी एक. हुशार पोराला विचारायची सवयच नसते. माझ्या वर्गात जो पहिला असतो त्याला कधी विचारायची वेळच येत नाही, उलट बाकीचे त्याला विचारतात. त्याला हात वर करून "सर समजलं नाही" म्हणणं म्हणजे चड्डी सुटल्यासारखं वाटतं. आम्ही शिक्षक पण खूष असतो की याला एकदा सांगितलं की झालं. असो. तुमच्या मुलाला मराठीत ३६ आहेत. ज्याला मराठीत ३६ पडतात त्याचं डोकं शाबूत आहे, त्याला वाचता येतं, लिहिता येतं, लक्ष लागतं. दुसरीकडे अडतंय ते काहीतरी वेगळंच आहे.
क्लास लावू नका. संध्याकाळी तिथे अभ्यासिका असते, शिक्षक बसलेले असतात, मागे पडलेल्यांचे जादा तास (रेमेडियल) पण घेतात. आहे तेच वापरू द्या.

सातारची_आई:
सगळेजण टिकवा टिकवा म्हणणार म्हणून मुद्दाम लिहितेय. आम्ही परत आणलं. नवोदय नाही, दुसरी एक निवासी शाळा होती, प्रवेश परीक्षा देऊन मिळालेली, नाव घेत नाही. मुलगी सातवीत होती.
आम्ही मार्कांसाठी नाही आणलं. मार्क तर तिचे सुधारत होते. पण ती जेवत नव्हती, तिसऱ्या महिन्यात साडेतीन किलो वजन उतरलं, रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं बारा वर्षांच्या मुलीचं, आणि भेटीला गेलो की शाळेबद्दल एक अक्षर बोलायची नाही, चांगलं पण नाही आणि वाईट पण नाही. दगडासारखी. आमच्या सासूबाई म्हणाल्या, मार्क वाढून करायचंय काय, पोर कमी होतंय ते बघा. दुसऱ्या दिवशी जाऊन घेऊन आलो. लोक बोलले, सहा महिने बोलले, मग दुसऱ्या कोणाबद्दल तरी बोलायला लागले. आज ती बारावीत आहे, ठीक आहे.
तर भाऊ, तुम्ही फोनवर मार्कांशिवाय दुसरं काय विचारता ते आधी बघा. जेवायला काय होतं, शेजारच्या बेडवर कोण आहे, खेळायला काय घेतात. त्याची उत्तरं येत असतील, कोणाची तरी तक्रार करत असेल, कोणाला तरी शिव्या घालत असेल, तर राहू द्या, रुळेल. उत्तरंच येत नसतील तर बॅनरचा विचार करू नका. आणि आणायचं ठरलं तर एवढं माहीत असू द्या की ती जागा गेली म्हणजे गेली, नंतर थेट नववीला काही रिकाम्या जागा असतात त्याची परत परीक्षा द्यावी लागते. हे घाबरवायला नाही सांगत, ठरवताना माहीत असावं म्हणून.

कापूस_पट्टा:
सगळ्यांचे आभार. सातारच्या ताई, तुमचं वाचून हिला पण वाचून दाखवलं, बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग हिने फोनच्या दिवशी विचारलं शेजारी कोण झोपतं रे, तर दहा मिनिटं त्या पोराबद्दलच सांगत होता, तो झोपेत हिंदीत बडबडतो म्हणे, आणि याचं टूथपेस्ट वापरतो. म्हणजे उत्तरं येतायत.
रविवारी जाऊन आलो. इथून पहाटे ५ ची एसटी. गणिताच्या सरांनी उत्तरपत्रिका दाखवली, भला माणूस आहे, राजस्थानचा, माझं हिंदी म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, पण जमलं. गुरुजी तुम्ही पैज जिंकली. १२ प्रश्नांतले ६ कोरे.
आता त्या कोऱ्यांचं ऐका. एक प्रश्न होता कोनांचा, राइट अँगल कुठला ते ओळखून कारण लिहा. मी त्याला तिथेच व्हरांड्यात विचारलं, काटकोन म्हणजे काय रे. म्हणला ९० अंशाचा, आणि वहीचा कोपरा दाखवला. मग हा प्रश्न का सोडलास? तर म्हणला मला वाटलं राइट म्हणजे बरोबर, बरोबर कोन कुठला ते विचारलंय, मला सगळेच बरोबर वाटले. आणि सर वर्गात त्याला समकोण म्हणतात. म्हणजे काटकोन, समकोण, राइट अँगल, एकाच कोपऱ्याची तीन नावं, आणि पोराला वाटलं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यातलं त्याला एकच येतं. लघुकोन विशालकोनाचं पण तसंच. मी हसलो, मग तो पण हसला, जुलैपासून पहिल्यांदा.
दुसरं म्हणजे सरांनी वहीत सांगितलं होतं ये पन्ना खाली छोड़ दो. याने पानाच्या खालची अर्धी बाजू सोडली आणि वरती लिहिलं. सरांनी लाल शेरा मारला. याला कळेचना काय चुकलं, विचारलं पण नाही. सरांना मी सांगितलं आमच्यात खाली म्हणजे नीचे, तर ते कपाळाला हात लावून हसले, म्हणले आठ साल से यहाँ हूँ, किसी बच्चे ने बताया ही नहीं.
एक विचारायचं राहिलं, हिंदीचं काय करायचं. घरी आमच्यात कोणालाच धड येत नाही.

नीलगिरीची_पोर:
दादा व्हरांड्यातला प्रसंग वाचून डोळ्यात पाणी आलं हो. राइट अँगल :D
वहीची आयडिया देते. लहान पॉकेट डायरी घेऊन द्या, पानाचे तीन भाग आखायचे, मराठी हिंदी इंग्रजी. अपूर्णांक, भिन्न, फ्रॅक्शन. परिमिती, परिमाप, पेरिमीटर. मूळ संख्या, अभाज्य संख्या, प्राइम नंबर. रोज चार शब्द फक्त. भिन्न वर मी पण अडकले होते, मला वाटायचं सर म्हणतायत हे सगळे वेगवेगळे आहेत. आणि ती डायरी त्याला एकट्याला भरू देऊ नका, टूथपेस्टवाल्या पोराला बरोबर घ्या, त्याला मराठी शब्द हवेच असतील.

अरावली_ते_एमपी:
हिंदीचं मी सांगतो, कारण माझा एक आख्खा वर्ष हिंदीवर गेला आहे.
नवोदयला नववीत मायग्रेशन असतं, माहीत असेल नसेल. एका विद्यालयातली ३० टक्के पोरं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या विद्यालयात जातात आणि तिकडची तेवढी इकडे येतात. मी मध्य प्रदेशात होतो. सहावीत मला पण हिंदी म्हणजे सिरियलमधलं, व्याकरण शून्य, सगळ्यांना तुम, प्रिन्सिपल सरांना पण तुम, त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं कहाँ से हो, मी म्हणलो महाराष्ट्र, म्हणले तभी. सहावी-सातवीत लाज वाटायची म्हणून मी हिंदी बोलणंच टाळायचो, मराठी पोरांच्यात राहायचो. नववीत तिकडे गेल्यावर पहिले दोन महिने मुका होतो. जे सहावीत पाच चुका करून सुटलं असतं ते नववीत पन्नास चुका करून सुटलं, फरक एवढाच की नववीत पोरं हसतात ते जास्त लागतं.
म्हणून म्हणतो आत्ता चुकू दे. त्याचा बेडचा शेजारी हिंदीवाला आहे ना, तोच क्लास, त्याहून चांगला क्लास पैसे देऊन पण मिळायचा नाही. आमच्याकडे तिकडून आलेली पोरं वर्षभरात मराठीत शिव्या द्यायला शिकली, मग बाकीची मराठी पण आली.
आणि अभ्यासाचं एक, संध्याकाळच्या अभ्यासिकेत सहावीची पोरं नुसती बसतात, पुस्तक उघडं आणि डोळे मिटलेले, पहाटे पीटीला उठवलेलं असतं त्यामुळे ८ वाजता मान पडते. मी त्यातला राजा होतो. एका सिनियर दादाने सांगितलं की उभा राहून पाढे लिही, झोप येणार नाही. वेडेपणा वाटेल पण अर्धं वर्ष मी मागच्या भिंतीला टेकून उभा राहून अभ्यास केलाय. त्याच्या हाऊसमध्ये तुमच्या तालुक्यातला कोणी आठवी-नववीचा पोरगा आहे का ते शोधा. शिक्षकाला विचारायची लाज वाटते, दादाला विचारायची कमी वाटते.

इंजिनिअर_पुणेकर:
बरं, माझं वरचं मागे घेतो. काटकोनाचं वाचून घरी मुलीला (इंग्लिश मिडीयम, सहावी) विचारलं राइट अँगल म्हणजे काय, तिने सांगितलं ९० डिग्री. म्हटलं का म्हणतात राइट. म्हणाली असंच. म्हणजे तुमच्या पोराने निदान विचार तरी केला होता.

गुरुजी_झेडपी:
बघा, पुणेकर पण रुळायला लागले.
भाऊ, एक माझ्या स्वार्थाचं. ती तीन रकान्यांची वही भरली की तिचे फोटो मला पाठवा. यंदाच्या माझ्या वर्गातले दोघं लागतील असं वाटतंय, निकाल लागल्यापासून शाळा सुरू होईपर्यंत मधला वेळ पोरं नुसती सत्कार घेत फिरतात, त्या वेळात शिकवून टाकतो. पाठवायच्या आधी हे करायचं असतं हे १४ वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही, नंबर लागला की माझं काम संपलं असंच समजत होतो.

कापूस_पट्टा:
गुरुजी नक्की पाठवतो. त्याच्याच वहीतलं पहिलं पान त्याने फोनवर वाचून दाखवलं, शेवटचा शब्द त्याने स्वतः घातलाय, खाली, नीचे, डाउन. आणि त्याच्याखाली रिकामं, खाली, एम्प्टी.
घरी न्या असं या वेळी म्हणला नाही. पण राहतो असं पण म्हणला नाही, मी विचारलं पण नाही. पुढची चाचणी कधी ते पण विचारलं नाही, तोंडावर आलं होतं, हिने माझ्या हातातून फोन काढून घेतला.
दादा अरावली, तालुक्यातला एक आठवीचा मुलगा सापडलाय, त्याचे वडील आमच्या बाजारातच बसतात, कांद्याचे. आता पुढच्या रविवारी दोघं मिळून एकाच एसटीने जाणार आहोत.
हिला विचारायचंय की धपाटे किती दिवस टिकतात हॉस्टेलवर, आणि मेसवाले बाहेरचं चालू देतात का.

नीलगिरीची_पोर:
चालू देतात की नाही ते हाऊस मास्टरांना आधी विचारून घ्या, प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. टिकायचं विचाराल तर तो प्रश्नच येत नाही दादा, पेटीचं झाकण उघडल्यापासून साधारण सात मिनिटं. काकूंना सांगा बरोबर शेंगदाण्याची चटणी जास्त द्या आणि धपाटे डॉर्ममधली डोकी मोजून करा, नाहीतर त्याच्या वाट्याला नुसता वास येईल.